कायदा आणि जीव (लेखांक ७) : काचेच्या बशीतला भ्रूण

गेल्या आठवड्यात आपण आईच्या पोटातल्या गर्भाला फौजदारी कायदा कोणते संरक्षण देतो ते पाहिले. पण भ्रूण अजून पोटात गेलाच नसेल, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत असेल तर? या प्रश्नाला जर्मनीने कठोर उत्तर दिले.

तिथला भ्रूणसंरक्षण कायदा १ जानेवारी १९९१ पासून लागू आहे. त्याचा गाभा मनाई आणि शिक्षा हाच. कारण प्रजननवैद्यकाविषयी कायदा करण्याचा अधिकार तेव्हा केंद्राकडे नव्हता, फौजदारी कायद्याचा होता. १९९४ च्या घटनादुरुस्तीने तो अधिकारही केंद्राला मिळाला, तरी कायद्याचा साचा बदलला नाही.

या कायद्याचा कणा म्हणजे कलम ८. स्त्रीबीज आणि शुक्रपेशी यांची केंद्रके एक झाली की भ्रूण अस्तित्वात आला. त्यातून वेगळी काढलेली पेशी स्वतंत्रपणे पूर्ण जीव घडवू शकत असेल, तर तीही भ्रूणच. भ्रूण विकला किंवा त्याच्या जपणुकीखेरीज अन्य हेतूने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. मानवी क्लोनिंगला पाच वर्षांपर्यंत.

मात्र गर्भाशयात सोडण्यापूर्वी भ्रूणाची आनुवंशिक तपासणी करावी की नाही, याबद्दल कायद्यात स्पष्ट शब्द नव्हता. बर्लिनच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने २००५-०६ मध्ये आनुवंशिक दोषाचा धोका असलेल्या तीन जोडप्यांसाठी ती केली आणि स्वतःच ते सरकारी अभियोजकांना कळवले. हा गुन्हा आहे का, हे त्यांना न्यायालयाकडूनच ऐकायचे होते.

६ जुलै २०१० रोजी सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता कायम केली. तपासलेल्या पेशी पूर्ण जीव घडवू शकणाऱ्या नव्हत्या आणि डॉक्टरांचा हेतू गर्भधारणेचाच होता. शिवाय स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन रोगासारखा लिंगनिगडित आजार टाळण्यासाठी शुक्रपेशी निवडण्याची मुभा याच कायद्यात होती. म्हणजे अशा आई-बापांची अडचण कायद्याने ओळखली होती.

त्यानंतर २०११ मध्ये संसदेने कलम ३ अ घातले. ही तपासणी एरवी गुन्हाच. पण गंभीर आनुवंशिक आजाराचा मोठा धोका असेल, किंवा भ्रूणातील गंभीर दोषामुळे गर्भपात वा मृत बालकाचा जन्म संभवत असेल, तर समुपदेशन आणि नीतिसमितीच्या संमतीनंतर ती करता येते.

भ्रूणाला जपलेच पाहिजे, पण तुरुंगाची भीती दाखवून जपायचे असेल तर गुन्ह्याची रेषा आधी स्पष्ट आखणे हे संसदेचे कर्तव्य आहे. जर्मनीत ती रेषा शोधायला एका डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. आपल्याकडे भ्रूणविक्रीला २०२१ च्या कायद्याने शिक्षा आहे. ती रेषा किती स्पष्ट आहे, हे पुढच्या आठवड्यात कलमे समोर ठेवून तपासू.