धोंडो, धोंडू, धोंडीबा

1958 साली भारतरत्न जाहीर झालं ते एका धोंडोला. धोंडो केशव कर्वे त्याच वर्षी शंभर वर्षांचे झाले. 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात जन्मलेले अण्णा 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात गेले. म्हणजे चांगलं 104 वर्षांचं आयुष्य. मुलाचं नाव धोंडू ठेवणाऱ्या आईबापांचं देवाकडे एकच मागणं असायचं, की हे पोर टिकू दे. ते मागणं इतकं भरभरून पदरात पडलेला दुसरा धोंडो सापडणं कठीण.

अण्णा गेल्यानंतर दोन वर्षांनी, 1964 मध्ये, पु. ल. देशपांडे यांचं ‘असा मी असामी’ आलं. त्याच्या नायकाचं नाव धोंडो भिकाजी कडमडे-जोशी. गिरगावातल्या चाळीत राहणारा हा साधा कारकून मराठी वाचकाने डोक्यावर घेतला आणि त्याचं नुसतं नाव घेतलं तरी लोक हसू लागले. मीही खूप हसलो आहे. पण मुलगा धोंडो आणि बाप भिकाजी, ही दोन्ही नावं पोर जगेल की नाही या एकाच धास्तीतून आलेली. लागोपाठच्या दोन पिढ्यांतल्या दोन आयांची काळजी त्या एका नावात आहे. हसणाऱ्या वाचकाला तिची आठवण राहिली नव्हती, इतका काळ तोवर बदलला होता.

एक मूल गेलं, दुसरं गेलं, तिसरंही पाळण्यातच गेलं, की चौथ्याच्या बारशाला आई घाबरायची. राम, कृष्ण, विनायक अशी देखणी नावं ठेवली की कुणाची तरी नजर पडते. सटवाईने कपाळावर काय लिहिलंय ते कुणाला ठाऊक? मग बाळाला सुपात घालून उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं आणि केर म्हणून उचलून आणायचं. कुठे शेजारणीच्या ओटीत टाकून पसाभर धान्य देऊन परत विकत घ्यायचं, म्हणजे ते आपलं राहिलंच नाही. मुलगा असला तरी नाक टोचून नथ घालायची. आणि नाव ठेवायचं दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरडा, भिकू, नथू. गालावर काजळाची तीट लावावी तसं हे नाव. तीट पुसली जाते. हे जन्मभर हाकेतून लावलं जायचं.

धोंडा त्यात विशेष. केराला, भिकेला किंमत नाही. धोंड्यालाही नाही, पण तो ऊनपावसात जागचा हलत नाही. शिवाय आपल्याकडे शेताच्या बांधावरच्या धोंड्याला शेंदूर फासला की त्याचा म्हसोबा होतो. यमाच्या नजरेला कवडीमोल, आईच्या लेखी देव, असं हे एकच नाव होतं. माझ्या मते म्हणूनच ते या सगळ्या भावंडांत जास्त चाललं आणि जास्त टिकलं.

किती वरपर्यंत चाललं ते इतिहासात दिसतं. श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांना सळो की पळो करून सोडणारा धोंडजी वाघ सप्टेंबर 1800 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना मारला गेला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. दुसऱ्या बाजीरावाने 1827 साली दत्तक घेतलेल्या मुलाचं नाव धोंडोपंत. 1857 च्या उठावातले नानासाहेब पेशवे ते हेच. गणितात आणि खगोलशास्त्रात नाव काढलेल्या केरूनाना छत्र्यांचं खरं नाव विनायक. पण हाक केरो, आणि महाराष्ट्राला ठाऊक तेच. पुण्यात तर आजही लाखो लोक ज्याच्यापुढे हात जोडतात, तो गणपती दगडूशेठ नावाच्या हलवायाच्या नावाने ओळखला जातो. पोटचा मुलगा गेल्याच्या दुःखातून दगडूशेठ आणि लक्ष्मीबाईंनी तो बसवला, असं मंदिराची परंपरा सांगते. स्वतःला दगडाचं नाव मिळालेल्या बापावरही ती वेळ चुकली नाही. गांधीजींचा खून करणाऱ्या गोडशाचं पाळण्यातलं नावही रामचंद्र होतं. आधीचे मुलगे दगावले म्हणून याला नथ घातली आणि तो नथुराम झाला.

नाव एक असलं तरी ते सगळ्यांना सारखं वागवत नव्हतं, आणि हे न सांगता पुढे जाणं मला पटत नाही. ब्राह्मणाघरचा धोंडू मोठा झाला की धोंडो व्हायचा, मोरो, नारो, चिंतो यांच्या पंक्तीत बसायचा आणि पुढे धोंडोपंत होऊन पागोटं घालायचा. कुणब्याचा धोंडू धोंडीबा किंवा धोंडीराम व्हायचा. महारवाड्यातला धोंडू मात्र म्हातारा झाला, नातवंडं झाली, तरी गावाच्या तोंडी धोंड्याच. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंदेचं असावं असा दंडकच आहे. त्यामुळे वरच्या आळीत जे नाव आईने भीतीपोटी निवडलं, ते खालच्या आळीत आईने निवडलं की गावाने लादलं, हे कळायला मार्ग नसे. तिथेही आईच होती आणि तिचीही मुलं मरत होती, किंबहुना जास्तच मरत होती. पण तिच्या काळजीचा गावाने अपमान म्हणून वापर केला.

1978 साली आलेल्या दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये हे दुखणं आतून दिसतं. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच आहेत, आणि तरीही शिकलेल्या, शहरात रुळलेल्या दयाला दगडूपासून सुटता येत नाही. नावात अडकलेली अशी घुसमट मराठीत क्वचितच कुणी इतक्या धीटपणे मांडली असेल. त्याआधी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि पुढच्या वर्षांत वस्त्यावस्त्यांतली बारशी बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा. कचरू आणि दगडू हे तिथे नुसते जुने वाटून मागे पडले नाहीत, ते ठरवून टाकले गेले. ते टाकणं योग्यच होतं.

पांढरपेशांकडे हेच घडलं, पण गाजावाजा न होता. शिक्षण वाढलं, मुंबई-पुण्यात नोकऱ्या आल्या, बंगाली कादंबऱ्यांची भाषांतरं घरोघर वाचली गेली आणि अरविंद, रवींद्र, नीलिमा, सुषमा यांची लाट आली. धोंडो एव्हाना आजोबांचं नाव झालं होतं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असूनही लोक पाळण्यात कानात एक नाव सांगायचे आणि शाळेत दुसरं घालायचे. पुढे नाटका-सिनेमांत दगडू-धोंडू ही गड्याची, नाहीतर गावंढळ माणसाची नावं झाली. 2014 च्या ‘टाइमपास’मध्ये चाळीतला दगडू परब आणि चांगल्या घरातली प्राजक्ता लेले यांच्यातलं अंतर प्रेक्षकाला त्या दोन नावांवरूनच कळतं. सिनेमाने त्या दगडूला जीव लावला हेही खरं. अनेक वर्षांनी हे नाव पोराटोरांच्या ओठावर आलं, पण कुणी आपल्या बाळाला ते दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता ते उरलंय आद्याक्षरांत. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर. पळसखेडच्या शेतातून ‘रानातल्या कविता’ घेऊन आलेल्या महानोरांच्या नावातला तो ‘धों.’ त्यांच्या वडिलांचा. ऑगस्ट 2023 मध्ये महानोर गेले. मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, या आपल्या पद्धतीमुळे नाव पाळण्यातून हद्दपार झालं तरी एक पिढी जास्त जगतं.

र. धों. मात्र नुसते नावाने आठवून सोडून देता येत नाहीत. धोंडो केशवांचा हा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. 1921 साली त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. खटले, दंड, नोकरीवर पाणी, सगळं सोसलं. मुलं मोजकी असावीत, हवी तेव्हा व्हावीत, बाई पोरवड्यात झिजू नये, यासाठी तो आयुष्यभर भांडला. दहा मुलं व्हायची आणि त्यांतली चार-पाच हाती लागायची, त्या व्यवस्थेतूनच दगडू-धोंडू ही नावं निघाली होती. ती व्यवस्था मोडायला धोंडोचाच मुलगा उभा राहिला, या योगायोगाने मी दर वेळी थक्क होतो.

कारण नाव मागे पडलं ते केवळ आवडीनिवडी बदलल्या म्हणून नव्हे. पोरं मरायची थांबली. देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 चा. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर यांच्या लसी गावोगाव पोचल्या. नाळ कापताना होणारा, नवजात बाळांना घेऊन जाणारा धनुर्वात इतका कमी झाला, की 2015 साली त्याचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 वर्षाच्या आत दगावत. 2020 साली तो आकडा 28 वर आला आणि महाराष्ट्रात 16 वर. ज्या घरात बाळ जगणार हे गृहीत धरलेलं असतं, तिथे नाव शोधताना आईबाप अर्थ, नाद आणि वेगळेपण बघतात. यमाला चकवायचा विचार त्यांच्या मनालाही शिवत नाही. हे भाग्य सगळीकडे सारखं पोचलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत बनवून घरोघर नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळे तिथले मृत्यू किती खाली आले ते 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. म्हणजे त्या काळातही तिथल्या आईची धास्ती धोंडोच्या आईच्या धास्तीहून फार वेगळी नव्हती.

जुन्या मतदारयाद्यांत, देवळांच्या देणगीच्या पाट्यांवर धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई भेटतात. त्यांच्याकडे आपण पुरेसं बघितलं नाही असं मला वाटतं. मुलीलाही कुणीतरी दगडाचं नाव देत होतं, तीही हातची जाऊ नये म्हणून. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी केसरबाई केरकरांकडून घेतलेल्या धोंडूताई कुलकर्णी 2014 साली गेल्या. मैफलीच्या पत्रिकेवर हे नाव दिमाखात छापलं जायचं. आणि त्याच महाराष्ट्रात मुलींसाठी आणखी एक नाव चालू होतं: नकुशा, नकोशी. मुलीवर मुलगी झाली, आता पुढचा मुलगा होऊ दे, म्हणून ठेवलेलं. वरवर ते कचरू-भिकूच्या माळेतलं वाटतं, पण तिथे यमाला फसवायचं नव्हतं. जे म्हटलं तेच म्हणायचं होतं. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा 285 मुलींना नवी नावं दिली, नव्या नावाची प्रमाणपत्रं दिली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली मोजल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. बालमृत्यू खाली येत होते, धोंडू नाव कुणी ठेवत नव्हतं, आणि नकुशांचं बारसं मात्र त्याच वर्षांत होत होतं.