सासूला बिलगलेली सून आणि एक हिब्रू क्रियापद

अर्थ अगदी अंगालगतचा

हिब्रू बायबलमध्ये सोबतीसाठी जी क्रियापदे येतात, त्यांत ‘दावक’ सर्वांत ठसठशीत. मूळ अर्थ चिकटणे, तोही अगदी शारीरिक. तहानेने जीभ टाळूला चिकटते ती याच क्रियापदाने. खंगलेल्या ईयोबाची हाडे कातडीला चिकटतात. दाविदाचा योद्धा एलाजार तर इतका लढतो, की हात तलवारीलाच चिकटून बसतो. आजच्या हिब्रूत गोंदाला ‘देवेक’ म्हणतात, तो शब्दही याच धातूचा.

रूथ काय करते

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडतो आणि बायकोशी जडून राहतो. सोडणे आणि जडणे, अशी ही जोडी. रूथच्या पुस्तकात हीच दोन क्रियापदे भेटतात, पण नवराबायकोसाठी नव्हे. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी मवाबातून बेथलेहेमला परत निघते आणि सुनांना माहेरी जायला सांगते. अर्पा सासूचे चुंबन घेऊन मागे फिरते. (तिला उगाच नावे ठेवतात; सासूने सांगितले तेच तिने केले.) रूथ मात्र बिलगते: दावक. पुढे बेथलेहेमचा शेतमालक बवाज तिला म्हणतो, की तू आईबापांना सोडून आलीस, आणि तिथले ‘सोडणे’ उत्पत्तीतलेच. लग्नाची भाषा सासूसुनेला लावणारा हा लेखक भलताच धोरणी दिसतो.

शेतातही हेच क्रियापद येते. माझ्या कामकरी मुलींना धरून राहा, असे बवाज रूथला सांगतो. घरी येऊन ती हे सासूच्या कानावर घालते, पण तिच्या तोंडी शब्द येतो गड्यांसाठीचा, पुल्लिंगी. नामीचे लगेच उत्तर: मुलींबरोबर जातेस तेच बरे, पोरी! मग जव आणि गहू, दोन्हींची कापणी उरकेपर्यंत रूथ त्या मुलींनाच धरून राहते.

चिकटते ते चांगलेच असे नाही

संदेष्ट्याचा लोभी चाकर गेहजी, त्याला सेनापती नामानाचे कोड चिकटते. उत्पत्तीतच शखेम नावाचा सरदारपुत्र दीना या मुलीवर अत्याचार करतो आणि त्यानंतर त्याचा जीव तिच्यावर जडतो. या सगळ्याला क्रियापद एकच. त्यामुळे ‘दावक’ म्हणजे ‘निष्ठा’ असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. माणसाला झपाटणाऱ्या मृताच्या आत्म्याला यहुदी लोककथांत ‘दिब्बुक’ म्हणतात, तोही याच धातूतला. त्याच नावाचे आन्स्कीचे नाटक 1920 मध्ये वॉर्सात रंगमंचावर आले.

देवाला कसे चिकटायचे?

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात देवाला जडून राहा, अशी आज्ञा वारंवार येते. पण तेच पुस्तक देवाला भस्म करणारा अग्नी म्हणते. मग आगीला बिलगायचे कसे, असा पेच रब्बींना पडला. ज्ञानी माणसांना धरून राहा, हे त्यांचे एक उत्तर. 11 व्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार रशी आणखी खाली, घरादारापर्यंत येतो: देवाचे वागणे उचला, मेलेल्यांना मूठमाती द्या, आजाऱ्याची विचारपूस करा.