फोन कव्हरवर ‘रिसायकल्ड’ लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

दोन वर्षांपूर्वी मी एक ‘बायोडिग्रेडेबल’ फोन कव्हर घेतलं. साध्या कव्हरच्या जवळपास तिप्पट किंमत, खोक्यावर हिरवं पान आणि खाली ‘मातीत मिसळून जाते’ अशी ओळ. सहा महिन्यांत कॅमेऱ्याजवळ तडा गेला, तेव्हा म्हटलं, बघूया तरी. बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ते पुरलं. आठ महिन्यांनी माती उकरली तर कव्हर जसंच्या तसं! धुतलं तर रंगही गेला नव्हता.

मग कंपनी खोटं बोलली का? पूर्ण खोटं नाही, अर्धवट खरं. आणि असं अर्धवट खरं आता फोन, कव्हर, चार्जर, बॅग अशा सगळ्यांवर छापलेलं असतं. आपण त्यासाठी जास्तीचे पैसेही मोजतो. म्हणून हे शब्द नीट समजून घेऊ.

‘बायोडिग्रेडेबल’: विरघळतं, पण कुठे?

अशा बऱ्याच वस्तूंमध्ये पीएलए नावाचं प्लास्टिक असतं. ते मका किंवा उसापासून मिळणाऱ्या साखरेपासून बनतं. ते कुजतं हे खरं आहे, पण त्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअस तापमान, ओलावा आणि योग्य जिवाणू लागतात. हे सगळं औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात मिळतं, आपल्या कुंडीत नाही. शिवाय पीएलए चुकून पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळलं, तर तो रिसायकलिंगचा माल खराब होतो.

‘रिसायकल्ड’: किती टक्के आणि कशाचे?

सॅमसंगचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस२२ मालिकेत टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांपासून बनवलेलं प्लास्टिक वापरलं गेलं. ही जाळी नायलॉनची असतात. ऊन आणि खाऱ्या पाण्याने नायलॉन कमकुवत होतं, त्यामुळे ते स्वच्छ करून, त्याचे दाणे बनवून, दुसऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळावं लागतं. एस२२ च्या बटणांना आतून आधार देणाऱ्या ब्रॅकेटमध्ये हे प्रमाण होतं २०%. म्हणजे अख्ख्या फोनच्या नाही, त्या छोट्या भागाच्या २०%. काम चांगलंच आहे. पण आपल्या डोक्यात ‘जाळ्यांपासून बनलेला फोन’ असं चित्र तयार होतं, ते चुकीचं.

दुसरा मुद्दा: टाकाऊ माल कुठून आला? कारखान्यातच उरलेले तुकडे परत वितळवले तर तो ‘प्री-कन्झ्युमर’ माल. लोकांनी वापरून टाकलेल्या वस्तूंपासून बनला तर ‘पोस्ट-कन्झ्युमर’, म्हणजेच पीसीआर. कचऱ्याचा डोंगर कमी होतो तो मुख्यतः दुसऱ्यामुळे.

धातूची गोष्ट वेगळी

आपल्या आज्या जुनी पितळी भांडी मोडीत घालून नवी घ्यायच्या. धातूची हीच खासियत आहे: कितीही वेळा वितळवा, तो धातूच राहतो. अॅल्युमिनियम बॉक्साइटपासून नव्याने काढायला जेवढी वीज लागते, त्याच्या साधारण ५% ऊर्जेत जुनं अॅल्युमिनियम परत वापरता येतं. २०१८ च्या मॅकबुक एअरची बॉडी अॅपलने १००% रिसायकल्ड अॅल्युमिनियमची केली, त्यामागे हे गणित आहे.

प्लास्टिकचं तसं नाही. दर वेळी वितळवताना त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात. चहाची तीच पूड दुसऱ्यांदा उकळली की चहा पांचट होतो ना, तसंच.

खरी मेख डिझाइनमध्ये

डिझायनरने चांगला माल निवडला की काम संपलं असं नाही. बऱ्याच कव्हरमध्ये मागची पाठ कडक पॉलिकार्बोनेटची आणि कडा मऊ टीपीयूची असते. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटवलेले. वेगळे करायला वेळ जातो आणि हाती काही लागत नाही, म्हणून भंगारवाला ते घेतच नाही. तेच कव्हर एकाच प्लास्टिकचं असेल, आतल्या बाजूला त्या प्लास्टिकचं नाव उमटवलेलं असेल, तर निदान वर्गीकरण सोपं होतं.

फोनचंही तेच. गोंदाऐवजी स्क्रू वापरले तर बॅटरी बदलता येते, भाग सुटे होतात. नेदरलँड्सची फेअरफोन कंपनी असेच फोन बनवते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३% योग्य पद्धतीने गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा माल कितीही ‘रिसायकल करण्याजोगा’ असला तरी काय उपयोग?

घेताना हे चार प्रश्न विचारा

१. रिसायकल्ड माल किती टक्के? आणि तो पूर्ण वस्तूचा की एका भागाचा?
२. माल पोस्ट-कन्झ्युमर आहे का?
३. ‘कंपोस्टेबल’ लिहिलं असेल तर कोणत्या मानकानुसार? भारतात त्यासाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि तेही औद्योगिक कंपोस्टिंगसाठी.
४. माझं आत्ताचं खरंच खराब झालंय का?

नुसतं ‘इको-फ्रेंडली’ लिहून पुरावा काहीच दिला नसेल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, हे लक्षात ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

चौथा प्रश्न मला उशिरा सुचला. ते ‘हिरवं’ कव्हर घेतलं तेव्हा माझं जुनं सिलिकॉन कव्हर फक्त पिवळं पडलं होतं, बाकी धडधाकट होतं. सध्या फोनवर तेच आहे.