ठाऊक नसलेलं वचन

वचन केव्हा बांधतं, हे समजण्यासाठी आपण एक जुना दावा बघू : लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३.

कानपूरच्या गौरी दत्तांच्या घरातला मुलगा पळाला. मुनीम लालमनला त्यांनी भाडं देऊन हरिद्वारला धाडलं. तो गेल्यावर इकडे पत्रकं निघाली : शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये. मुलगा लालमनलाच ऋषिकेशला सापडला. पुढे नोकरी गेली, तेव्हा त्यानं बक्षिसासाठी दावा लावला. खालच्या कोर्टात तो हरला. वर दाद मागितली, तीही फेटाळली गेली.

का बरं? काम तर त्यानंच केलं! पण न्यायमूर्ती बॅनर्जींचं म्हणणं असं की, करार म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार. जे ठाऊकच नाही, ते स्वीकारणार कसं? शिवाय मुलाला शोधणं हे नोकर म्हणून त्याच्यावर आधीच सोपवलेलं होतं.

इथे आपण दोन प्रश्न वेगळे ठेवू. ‘करार झाला का?’ याचं उत्तर कोर्टानं दिलं. ‘मालकानं द्यायला हवं होतं का?’ हे कोर्टापुढे नव्हतंच. ते आपल्यापुढे आहे. कायद्यानं देणं लागत नाही, एवढ्यावरून काहीच देणं लागत नाही, असं मात्र ठरत नाही.