मधूनच थरथरणारं इंजिन

जुन्या गाडीची सगळ्यात छळणारी तक्रार म्हणजे अधूनमधून येणारी थरथर. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग हादरतं, आतला आरसा थरथरतो, आणि मेकॅनिकसमोर बॉनेट उघडलं की इंजिन अगदी सुतासारखं चालतं. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला कॉइल, त्यापुढे माउंटिंग. बिल फुगत जातं, थरथर जागच्या जागी.

मधूनच येणाऱ्या दोषाला येण्याचं काहीतरी निमित्त लागतं. ते उष्णता असेल, ओल असेल, इंजिनवर पडलेला लोड असेल किंवा इंधन. म्हणून गाडीत एक छोटी वही ठेवा. थरथर आली की गाडी बाजूला घेऊन लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, एसी चालू होता का, पाऊस होता का, गाडी उभी होती की चढावर, पेट्रोलवर होती की सीएनजीवर. चार-पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागते.

आता थरथर इंजिनचीच आहे ना, हे बघा. चालत्या गाडीत जाणवत असेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर त्याच वेगाला क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा. इंजिनचा आरपीएम खाली येतो, चाकं मात्र तशीच फिरत राहतात. थरथर टिकली तर बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगा, वाकलेली रिम यांच्याकडे बघा. थांबली तर इंजिनकडे. फक्त पिकअप घेताना हादरे बसतात आणि उभ्या गाडीत रेस दिल्यावर काहीच होत नाही, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट तपासून घ्यावा.

उभ्या गाडीतली थरथर दोन प्रकारची असते आणि त्यातला फरक हाताला कळतो. चार सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला ८०० आरपीएमवर फिरत असेल, तर त्यात सेकंदाला साधारण २७ वेळा इंधन पेटतं. माउंटिंगचं रबर दबलं किंवा फाटलं असेल, तर हीच बारीक, एकसारखी कंपनं बॉडीत उतरतात. एकच सिलिंडर मिस मारत असेल, तर सेकंदाला सहा-सात वेळा ठोका चुकतो. हा हादरा मोठा आणि धक्क्यासारखा असतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कान द्या: नीट चालणाऱ्या इंजिनचा आवाज सलग येतो, मिसिंग असेल तर फट-फट करत मध्येच तुटतो.

एसीचंही बघून घ्या. कंप्रेसर लागताना टक् असा आवाज येतो आणि इंजिनवर लोड पडतो. तेवढ्यापुरता आयडलिंग कंट्रोल व्हॉल्व्ह जास्त हवा सोडतो. तो कार्बनने जाम झाला असेल तर आरपीएम खाली जातो आणि गाडी थरथरते. कंप्रेसर सुटला की शांत. इथे थ्रॉटल बॉडी आणि हा व्हॉल्व्ह साफ करून बरेचदा काम भागतं.

मिसफायर असेल तर कोणता सिलिंडर, हे आधी ठरवायचं. स्कॅनर चालणारी गाडी असेल तर पी ०३०२ हा कोड दुसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवतो. कोड नसेल तर थरथर चालू असतानाच एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काही क्षण काढून बघावं. चांगल्या सिलिंडरचं काढलं की इंजिन आणखी हादरतं. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तो दोषी. चालू इंजिनवर प्लगच्या वायरी हाताने ओढायची जुनी सवय मात्र सोडा. त्यात हजारो व्होल्ट असतात.

यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिला एक रुपयाही लागत नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. मिसिंग तिसऱ्यावर गेलं तर कॉइल खराब. नाही गेलं तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. दोष ज्या पार्टबरोबर हलतो तो पार्ट बदलायचा, बाकीचे नाही.

प्लग काढलाच आहे तर उजेडात नीट बघा. टोकाचं चिनी मातीचं इन्सुलेटर फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चिकट तेलकट थर म्हणजे इंजिन ऑइल आत उतरतंय. बाहेरच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर स्पार्क आत न पडता बाहेरूनच घसरून जातोय. ही रेघ पुसून जात नाही. प्लग बदलावाच लागतो आणि त्यावरचं रबरी बूटही.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात मिसिंगच्या तक्रारी येतात त्यामागे ओल असते. जुन्या वायरींच्या बारीक भेगांत ती शिरली की स्पार्क बाहेर गळतो. अंधारात इंजिन चालू ठेवून, फिरत्या भागांपासून लांब राहून, स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला, तर गळणारी निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते.

सीएनजीच्या गाडीचं जरा वेगळं आहे. गॅस पेटवायला स्पार्क जास्त जोरकस लागतो, म्हणून थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. शिवाय गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. इंजिन थंड असताना काही कळत नाही. तापलं की व्हॉल्व्हची दांडी प्रसरण पावते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. सकाळी ठणठणीत आणि अर्ध्या तासाने सिग्नलला थरथर, शिवाय पेट्रोलवर टाकूनही तीच गत, असं असेल तर आधी टॅपेट सेटिंग करून घ्या. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात मात्र हे सेटिंग नसतं.

एवढं करूनही एखादा सिलिंडर मरगळलेलाच राहिला, तर कॉम्प्रेशन टेस्ट. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड उघडायला होकार द्यायच्या आधी हे दोन्ही आकडे मागून घ्या.

आणि एक गोष्ट वहीत लिहायला थांबू नका. थरथर चालू असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि तो भाजून निघतोय. तो पार्ट महागाचा आहे. गाडी दामटू नका. जवळचं गॅरेज गाठा, नाहीतर टो करून न्या.