मनाच्या आजारावरील उपचार गावापर्यंत कसा पोहोचेल?

पिकाचे पान पिवळे पडले की आपण ते खुडून कृषी सहायकाला दाखवितो. घरातील कर्त्या माणसाची झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे बंद झाले, तर मात्र 'काळजीत आहे, होईल ठीक' म्हणून सोडून देतो. नैराश्य हा आजार आहे व तो उपचाराने बरा होऊ शकतो. अडचण अशी, की मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि तेही बहुतेक शहरांत. यावर जगातील काही संशोधकांनी जो मार्ग शोधला, तो कृषी विस्तारकार्यासारखाच आहे. मोजक्या तज्ज्ञांनी गावातील माणसांना शिकवावे आणि त्यांनी ते काम घरोघरी न्यावे.

झिंबाब्वेतील आजीबाईंचे बाकडे

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तेथील डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहराच्या म्बारे या गरीब वस्तीत १४ वयस्क महिला आरोग्य कार्यकर्त्यांना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकड्यावर बसून या आजीबाई रुग्णाचे ऐकून घेतात. तेथील शोना भाषेत या आजाराला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे, असे म्हणतात. आजीबाई आयता सल्ला देत नाहीत. सर्व अडचणींतून एक निवडावी, तिच्यावर करता येईल असा उपाय रुग्णानेच ठरवावा व पुढील भेटीत काय घडले ते सांगावे, अशी ही पद्धत आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारावरील गटात सुमारे ५० टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे होती, तर बाकड्यावरील गटात ती सुमारे १४ टक्के रुग्णांत आढळली.

गोव्यातील चाचणी

गोव्यात १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था स्थापन केली. डॉ. पटेल यांनी त्याआधी हरारेतही संशोधन केले होते. संगतने मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. नैराश्यात माणूस कामे टाळतो, कामे टाळल्याने आणखी खचतो. हे चक्र तोडण्यासाठी पूर्वी आवडणारी छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करण्यास सहा ते आठ भेटींत मदत केली जाते. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही चाचणी झाली. आपण वाणांच्या चाचणीत करतो तशी रुग्णांची वाटणी चिठ्ठी पद्धतीने केली होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले.

विदर्भातील 'विश्राम'

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातील कार्यकर्ते रुग्ण ओळखत, प्रशिक्षित समुपदेशक भेटी घेत आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. मात्र येथे तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती. तुलनेचा वाफा न ठेवता घेतलेल्या प्रात्यक्षिकासारखेच हे आकडे वाचावेत. शिवाय चार रुग्णांपैकी जवळजवळ तीन उपचाराबाहेरच राहिले, हेही विसरू नये.

समुपदेशनाची मर्यादा

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही की कापसाला भाव मिळत नाही. ते प्रश्न धोरणाचे आहेत व त्याच ठिकाणी सुटले पाहिजेत. परंतु खचलेला माणूस कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत जात नाही, पीकविम्याचा अर्ज भरत नाही, शेजाऱ्याशीही बोलत नाही. मन सावरले तर ही पावले उचलण्याचे बळ येते.

आपण काय करावे ?

१) उदासी, निद्रानाश, कामात मन न लागणे, अपराधी वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते.

२) मरणाचे विचार येतात का, हे आपुलकीने सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो.

३) अशा वेळी त्यास एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरातून व शेतातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत.

४) शासनाची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नि:शुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते.

५) सुरू केलेली औषधे बरे वाटताच स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावीत.

शेतकरी गट व महिला बचत गटांच्या बैठकीत बी-बियाणे व खतांबरोबर या विषयालाही थोडा वेळ द्यावा. रोग लवकर ओळखला तर इलाज सोपा जातो, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.