जर्मनीत माणूस काढता येत नाही म्हणे!

हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीने म्युनिकला छोटं ऑफिस काढायचं ठरवलं, की कुणीतरी हमखास बजावतं: "जपून! तिकडे एकदा माणूस घेतला की रिटायर होईपर्यंत पोसावा लागतो." चाकण-भोसरीचे उद्योजकही हेच ऐकवतात. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतली कार्ल डॅन पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली. म्हणजे जर्मन कामगारांचे मालक होण्याचा पुण्याचा अनुभव वीस वर्षांहून जुना आहे. समजूत मात्र तसूभर हललेली नाही.

ज्या कायद्याची ही धास्ती, तो १९५१ चा. त्याचं संरक्षण कामाला सहा महिने झाल्यावर सुरू होतं, आणि तेही दहापेक्षा जास्त माणसं असतील तिथेच. ही माणसं जर्मनीतली मोजायची. हिंजवडीत पाचशे जण बसत असले तरी ते या हिशेबात येत नाहीत, असं तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे सहा जणांच्या म्युनिक ऑफिसला हा बागुलबुवा दिसायचाही नाही. गरोदर स्त्रिया, गंभीर अपंगत्व असलेले कर्मचारी यांना वेगळं संरक्षण आहे, आणि ते लहान ऑफिसातही लागू असतं.

बरं, कायदा लागू झाला तरी होतं काय? कारण द्यावं लागतं: माणसाला काम झेपत नाही, त्याचं वागणं बरोबर नाही किंवा कामच उरलेलं नाही. काम उरलं नसेल तर कुणाला कमी करायचं हे नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि अपंगत्व पाहून ठरतं. पत्र हाती पडल्यापासून तीन आठवड्यांत कर्मचारी कोर्टात गेला नाही, तर सहसा विषय तिथेच मिटतो. गेला तर बऱ्याचदा तडजोड होते आणि बोलणी नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगारापासून सुरू होतात.

आता घरचं बघा. चाकणच्या कारखान्यात ३०० कामगार असतील, तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते. जर्मनीत मोठ्या कपातीची रोजगार कार्यालयाला आगाऊ सूचना द्यावी लागते, परवानगी मागावी लागत नाही. नोटिशीचंही तसंच. प्रोबेशनमध्ये दोन आठवडे, नंतर चार आठवडे. मालकासाठी ती वाढत वाढत वीस वर्षांच्या नोकरीला सात महिन्यांवर जाते. नेमणूकपत्रात सरसकट तीन महिन्यांची नोटीस लिहिणाऱ्या पुणेकरांनी चार आठवड्यांना जाचक म्हणावं, हे जरा अतीच झालं.

या भीतीपोटी जे केलं जातं, ते खरं महागात पडतं. माणूस 'फ्रीलान्सर' दाखवायचा, पण वेळ, लॅपटॉप, बॉस आणि काम सगळं कंपनीचं! तपासणीत तो कर्मचारी ठरला, की साधारण चार वर्षांची सामाजिक विम्याची थकबाकी मालकाच्या गळ्यात पडते, आणि त्यात कर्मचाऱ्याचा हिस्साही बहुतांशी त्यालाच भरावा लागतो. जाणूनबुजून केलं असेल तर मागची तीस वर्षंही उकरता येतात, शिवाय फौजदारी गुन्हा.

बाकीच्या वावड्या थोडक्यात.

ई-मेलने काढलं की झालं? नाही. कागदावर शाईची सही नसेल तर नोकरी कायम.

करारात 'पुणे न्यायालय, भारतीय कायदा' लिहिलं की सुटलो? युरोपीय संघाच्या रोम-१ नियमावलीतलं आठवं कलम वाचा: माणूस जिथे नेहमी काम करतो, तिथल्या कायद्याचं सक्तीचं संरक्षण कराराने काढून घेता येत नाही.

सहा आठवडे सुट्टी कायद्यानेच मिळते? पाच दिवसांच्या आठवड्याला कायदा वर्षाला २० दिवस देतो. वरचं सगळं कंपनीच्या किंवा युनियनच्या कराराचं. सहा आठवडे आहेत ते आजारपणातल्या पूर्ण पगाराचे.

कामगार मंडळ पहिल्या दिवसापासून डोक्यावर बसतं? पाच कर्मचारी झाले की ते निवडता येतं, पण कर्मचाऱ्यांनी मनावर घेतलं तरच. एकदा निवडलं, की त्याचं म्हणणं ऐकून न घेता दिलेली नोटीस मात्र रद्द ठरते.